ताटावरचा शब्द

फार पूर्वीची गोष्ट आहे. किती पूर्वीची ते विचारू नका; घाट चढायला बैलगाडीवाचून दुसरं काही नव्हतं, इतकी पूर्वीची. त्या घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि गावाच्या वेशीला लागून एक खानावळ होती.

खानावळ चालवायची एक विधवा बाई. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. घाटाला लागण्याआधी गाडीवान तिथे बैल सोडत आणि पोटभर जेवून मग चढण चढत. गावातल्या एकट्यादुकट्या माणसांचं ताटही तिथेच. देवीच्या जत्रेचं गावजेवणसुद्धा मावशीच्याच हातचं. तिला दुसरा आधार नव्हता. चूल पेटली तर तीही जेवणार, असा सगळा हिशेब.

या खानावळीत एक रीत होती. जेवण झालं की हात धुवायच्या आधी प्रत्येकाने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करायचं आणि एक शब्द बोलायचा. जेवण कसं झालं, तो शब्द. आणि अट अशी की आधीच्याने म्हटलेला शब्द पुढच्याने म्हणायचा नाही. याला गावात 'ताटावरचा शब्द' म्हणत.

पहिल्याचं सोपं असे. तो 'छान' म्हणून मोकळा होई. दुसरा 'झकास' म्हणे. तिसऱ्यापासून पंचाईत सुरू. पंगतीच्या टोकाला बसलेल्या माणसाला पहिल्या घासापासून विचार करत जेवावं लागे. भाकरीला 'खरपूस' म्हणावं, तर ते चौथ्याने आधीच म्हटलेलं. मग तो आणखी एक तुकडा मोडी, डोळे मिटून चावी आणि म्हणे, "पापुद्रेदार!" सगळी पंगत मान डोलवी.

बरं, ही रीत नुसत्या कौतुकाची नव्हती. खिडकीतून सगळंच आत जाई. "वांगं जून!" "भात गिच्च!" "पापड सादळला!" "आमटी पचपचीत!" मावशी आतून फक्त "बरं" म्हणे. रागावलेली तिला कुणी पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र भात असा मोकळा असे की शितं मोजून घ्यावीत.

लोकांना वाटे, बाईला शब्दांची हौस आहे. खरी गोष्ट वेगळी होती आणि ती एकट्या मावशीला ठाऊक होती.

काही वर्षांपूर्वी मावशीला मोठा ताप आला होता. एकवीस दिवसांनी ताप उतरला, पण जाताना तिची चव घेऊन गेला. वासही घेऊन गेला. मीठ आणि साखर तिला सारखीच लागे, आणि दूध उतू गेल्याचं नाकाला नाही, डोळ्यालाच कळे. तिने वैद्याला दाखवलं, देवीला नवस बोलला, पण गेलेली चव काही परत आली नाही. आणि हे ती सांगणार तरी कुणाला? आंधळ्याकडून कुणी सुईत दोरा ओवून घेतं का? जिला चवच नाही, तिच्या हातचं जेवायला कोण येईल?

तेव्हा तिने ही रीत पाडली. 'आळणी' ऐकलं की मीठ वाढवायचं. 'सपक' ऐकलं की मीठ आणि तिखट दोन्ही. 'कच्चट' म्हणजे पीठ आणखी परतायचं, 'ओशट' म्हणजे तेलाचा हात आखडायचा, 'खवट' म्हणजे खोबऱ्याचा डबा उन्हात न्यायचा नाही, उकिरड्यावर न्यायचा. मिठाची प्रत दर बाजाराला बदले, मिरची दर वर्षी बदले, पण गावाचे शब्द होते तोवर तिचं काही अडत नव्हतं. चाळीस जिभांनी ती चव घेत होती, आणि हे त्या चाळीस जणांपैकी एकालाही माहीत नव्हतं.

त्या जिभांत सगळ्यांत तिखट जीभ होती एका गाडीवानाची. माणूस मेहनती, सरळ, पण बोलायला लागला की बैलाला पराणी टोचावी तसं टोचून बोले. "मावशी, आज वरणात डाळ पोहायला शिकतेय!" असं तो भर पंगतीत ओरडे. लोक त्याला तिरसट म्हणत. मावशी मात्र त्याची वाट बघे. तो आला की त्याच्या ताटात लोणच्याची एक फोड जास्त पडे. का, ते त्याला कधी कळलं नाही, आणि फुकटच्या लोणच्याची चौकशी करण्याइतका तो तिरसट नव्हता.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग दिवाळीच्या सुमारास एक गोरा साहेब घाट मोजायला आला.

साहेब दिवसभर साखळ्या टाकून दमला होता. तो खानावळीत मांडी घालायचा प्रयत्न करत बसला आणि जेवला. ठेचा म्हणजे हिरवी चटणी असेल, असं समजून त्याने तो भाकरीला भरपूर लावला. कान लाल झाले, डोळ्यांतून पाणी आलं. इतक्यात त्याच्या पट्टेवाल्याने सांगितलं, की साहेब, इथे जेवण झालं की एक शब्द द्यावा लागतो. साहेबाने रुमालाने डोळे टिपले, खिडकीकडे पाहिलं आणि म्हणाला, "नाइस!"

गावाला तो शब्द फार आवडला. लहानसा, गोल, तोंडात ठेवला तर विरघळेल असा. साहेब गेल्यावर लोक मास्तरांकडे धावले. मास्तरांकडे एक जाडजूड इंग्रजी कोश होता. ते तो क्वचित उघडत, पण नेहमी समोर ठेवत. त्यांनी बोट फिरवत शब्द शोधला आणि वाचायला सुरुवात केली.

"नाइस म्हणजे छान. सुरेख. गोड. रुचकर. सुखद. देखणा. सभ्य. मनमिळाऊ. प्रेमळ. टापटिपीचा. नाजूक." मास्तरांनी बोटं मोजली. "अकरा झाले."

तिथे पान संपलं. पुढचं पान उलटायचं, तोच खानावळीत जेवणाची थाळी वाजली, आणि मास्तरांनी कोश मिटला. मास्तर विद्वान होते, पण उपाशी विद्वान होते.

त्याच दिवशी पंगतीत पाटलांनी जेवून झाल्यावर मिशीवरून हात फिरवला आणि खिडकीकडे बघून म्हणाले, "नाइस!" शेजारी बसलेल्या वाण्यालाही तोच शब्द म्हणायचा होता. तोही म्हणाला, "नाइस!"

"आधीच्याचा शब्द चालत नाही," गाडीवान म्हणाला.

वाद झाला. वाणी म्हणाला, की शब्द एक असला तरी अर्थ अकरा आहेत. पाटलांनी म्हटलं ते 'रुचकर', आपण म्हटलं ते 'सुखद'. मग एकच शब्द झाला कसा? सगळ्यांनी पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी थोडा विचार केला आणि निवाडा दिला.

"अर्थ अकरा आहेत, तेव्हा अकरा जणांना चालेल."

"आणि बाराव्याला?" गाडीवानाने विचारलं.

"बारावा पुन्हा पहिल्यापासून सुरू करेल," पाटील म्हणाले.

निवाडा सगळ्यांना पसंत पडला. त्या दिवसापासून पंगतीच्या टोकाला बसणाऱ्यांचे हाल संपले. जेवताना गप्पा मारता येऊ लागल्या. ताटात काय आहे याच्याकडे बघायचं कारण उरलं नाही.

पुढे तो शब्द खानावळीतून बाहेर पडला आणि गावभर हिंडू लागला. नवी नवरी नाइस, भजन नाइस, बैलाची शिंगं नाइस. कुंभाराचं मडकं गळकं निघालं, तरी ते दिसायला नाइस होतं. कुणाला दुखवायला नको आणि कुणाशी भांडायला नको. खोटं बोलल्याचं पाप नाही, खरं बोलल्याचं भय नाही, असा सोयीचा शब्द गावाला आजवर मिळाला नव्हता. तेराव्याचं जेवून आलेल्या एका पाहुण्याने अंगणात उभं राहून "नाइस!" म्हटलं तेव्हा जरा कुजबुज झाली, एवढंच.

मावशीला पहिले दोन दिवस बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी ती खिडकीशी आली.

"नाइस म्हणजे मीठ कमी का जास्त?" तिने विचारलं.

"मावशी, नाइस म्हणजे नाइस!" पंगत हसली.

"अरे, पण भात कसा होता? गिच्च, का फडफडीत?"

"भातही नाइस!"

मावशी आत गेली आणि चुलीपुढे बसून राहिली. भर दुपारी कुणीतरी दिवा मालवावा, तसं तिला झालं. रांजणात मीठ होतं, डब्यात तिखट होतं, हातात डाव होता, आणि किती घालायचं ते सांगणारं कुणी उरलं नव्हतं. तिने अंदाजाने घालायला सुरुवात केली. ती ताटात काय उरतं ते बघू लागली, पण ज्यांना टाकायचं असे ते आता ताटाखाली झाकून टाकत. एकदा तिने मांजरीपुढे आमटी ठेवून पाहिली. मांजरीने वाटी चाटून पुसून ठेवली, पण तिचा काय भरवसा? तिला दूधही नाइस आणि उंदीरही नाइस.

पौषात जेवण बिघडायला लागलं. माघात ते आणखी बिघडलं. लोक कनवटीला मिठाची पुरचुंडी लावून येऊ लागले आणि मावशीची पाठ वळली की हळूच भुरभुरू लागले. काही जण घरून चटणी आणत. काही जण यायचेच बंद झाले. पण जो तो जाताना खिडकीकडे बघून "नाइस!" म्हणे. बाई बिचारी एकटी आहे, कशाला तिचं मन मोडा, असं सगळ्यांना वाटे. त्यांच्या मनात खरंच वाईट नव्हतं.

आणि गाडीवान? त्याची पोरगी लग्नाची झाली होती. दोन ठिकाणांहून नकार आले होते. मुलगी पसंत होती, बाप तोंडाळ म्हणून नकार. बायकोने त्याच्यापुढे हात जोडले. "अहो, जगाला गोड चाललंय. तुम्हीच कशाला कारल्याचा वेल लावून बसलाय?" त्याला ते लागलं. तोही "नाइस" म्हणू लागला. हळूहळू त्याला त्याची सवयही झाली. लोक म्हणू लागले, गाडीवान सुधारला.

मग चैत्र आला आणि देवीची जत्रा आली.

जत्रेच्या जेवणाला सात गावं येत. देवळापुढच्या पटांगणात पंगती बसत आणि पहिली पंगत नेहमी लेकरांची असे. त्या जेवणासाठी गावाची मोठी पितळी पातेली देवळाच्या कोठीतून बाहेर निघत. एरवी जत्रेआधी कल्हईवाला बोलावला जाई. एखाद्या भांड्याची कल्हई, म्हणजे आतला कथलाचा मुलामा, उडाली की पंगतीतून कुणीतरी ओरडे, "मावशी, आमटी कळकली, पितळेची चव लागतेय!" आणि मावशी लगेच कल्हईवाल्याला निरोप धाडी. यंदा तसं कुणी ओरडलं नव्हतं. गावाचं सगळं नाइस चाललेलं असताना कल्हईवाला कशाला हवा?

सर्वांत मोठ्या पातेल्याची कल्हई काठाला शाबूत होती आणि तळाला उडाली होती. अंधाऱ्या कोठीत ते दिसलं नाही. पहाटे मावशीने त्यात घागरीच्या घागरी आंबट ताक ओतून ठेवलं. ऊन वर आल्यावर त्याची कढी केली. आलं, मिरची, कढीपत्ता, सगळं हाताच्या सवयीने पडलं. कढी दिसायला पिवळीधमक झाली. आंबट ताक आणि उघडं पितळ एकत्र आलं की काय होतं ते गावातल्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं. मावशीनेही वासावरून ओळखलं असतं. पण तिला वास येत नव्हता.

पहिली पंगत बसली. दोनशे लेकरं पानावर हात ठेवून बसली. कढीच्या वाट्या भरल्या गेल्या. पण पाच जाणत्यांनी चव घेऊन पाच शब्द दिल्याशिवाय लेकरांनी घास उचलायचा नाही, अशी जत्रेची रीत होती. पाच जण पुढे आले: पाटील, मास्तर, वाणी, देवीचा गुरव आणि गाडीवान.

गाडीवान त्या दिवशी परीटघडीचं धोतर नेसला होता. समोर पाहुण्यांत त्याच्या लेकीला बघायला आलेली मंडळी बसली होती. मुलाची आई पुढेच होती आणि ती त्याच्याकडेच बघत होती. निघताना बायकोने त्याला बजावलं होतं, "आजच्या दिवस जिभेला वेसण घाला. आजच्या दिवस."

पाटलांनी वाटी तोंडाला लावली. कपाळाला एक आठी पडली. त्यांना वाटलं, पान खाल्लेलं तोंड आहे, आपलंच काहीतरी चुकत असेल. ते म्हणाले, "नाइस."

मास्तरांनी घोट घेतला. पाटलांना नाइस लागली म्हणजे बरीच असणार, असं त्यांना वाटलं. "नाइस."

वाणी म्हणाला, "नाइस." गुरव म्हणाला, "नाइस." गुरवाने घोट गिळलासुद्धा नव्हता. त्याने तो उपरण्याआड रुमालात सोडला.

मग वाटी गाडीवानाच्या हाती आली. त्याने एक घोट घेतला आणि त्याची जीभ आक्रसली. त्याला ती चव चांगली ठाऊक होती. तरुणपणी घाटात एकदा कुणीतरी त्याला असंच ताक पाजलं होतं, आणि तीन दिवस तो गाडीत आडवा पडून ओकत होता. तो तर धट्टाकट्टा होता. समोर दोनशे लेकरं बसली होती.

त्याने मुलाच्या आईकडे पाहिलं. त्याने आपल्या लेकीकडे पाहिलं. ती पाहुण्यांच्या मागे मान खाली घालून उभी होती. एक शब्द बोललो तर हे तिसरं स्थळही जाणार, हे त्याला सरळ दिसत होतं. आणि बोललो नाही तर? कदाचित काही होणारही नाही. कदाचित लेकरं आपणच वाट्या सारतील. त्याने घसा खाकरला.

"ना..." तो म्हणाला.

तेवढ्यात पंगतीच्या कडेला बसलेल्या एका चिमुरडीने राहवलं नाही म्हणून कढीत बोट बुडवून चाटलं. तिचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने आईकडे पाहिलं. आईने मागून तिला ढोसलं आणि डोळे वटारले. चिमुरडी बारीक आवाजात म्हणाली, "नाइस."

गाडीवानाने वाटी खाली आपटली.

"थांबा!" तो ओरडला. "कुणी कढीला हात लावू नका! पोरांच्या पुढच्या वाट्या उचला! कढी कळकली आहे!"

 मग एकच गलका झाला. "देवीच्या जेवणात हा अभद्र कुठला?" "सुधारला म्हणत होते ना?" "अरे, त्या बाईला काय वाटेल, याचा तरी विचार कर!" गाडीवानाच्या बायकोने कपाळावर हात मारून घेतला. 

स्वयंपाकाच्या मांडवातून मावशी बाहेर आली. तिच्या हातात कढीचा मोठा डाव होता. लोकांना वाटलं, आता गाडीवानाच्या डोक्यात डाव बसणार. कित्येकांना ते बघायचंही होतं.

"काय म्हणालास, दादा?" मावशीने विचारलं.

"कळकली आहे, मावशी."

"पुन्हा म्हण."

"मावशी, माझ्यावर राग धर, पण कढी कळकली आहे. विषारी झाली आहे."

मावशीने डाव खाली ठेवला. ती तिथेच देवळाच्या पायरीवर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली. पण ती रडत होती की हसत होती, ते कुणाला नीट कळेना.

"पाच महिन्यांनी," ती म्हणाली, "आज पाच महिन्यांनी माझ्या तोंडाला चव आली रे बाबा."

मग तिने सांगितलं. तापाचं सांगितलं, गेलेल्या चवीचं सांगितलं, खिडकीतून येणाऱ्या शब्दांवर इतकी वर्षं चूल कशी चालली ते सांगितलं. तिने काही लपवलं नाही. आता लपवून तरी काय करायचं होतं?

लोकांच्या माना खाली गेल्या. मिठाच्या पुरचुंड्या ज्यांच्या कनवटीला होत्या, त्यांचे हात आपोआप तिथे गेले.

"मावशी," पाटील म्हणाले, आणि त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "आम्ही आपलं तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"वाटलं असतं की वाईट," मावशी म्हणाली. "एक दिवस वाटलं असतं. पण आमटीत मीठ तर पडलं असतं! तुम्ही मला दुखवलं नाहीत, पाटील. तुम्ही मला एकटं टाकलंत."

यावर पाटलांजवळ एकही शब्द नव्हता, अकरा अर्थांचा तर नव्हताच.

पातेलं आडवं केलं. पिवळी कढी वाहून गेली आणि तळाचं उघडं पितळ दिसलं. त्याला हिरवट कड आली होती. बायकांनी तोंडाला पदर लावले. दोनशे लेकरांच्या आया पुढे झाल्या आणि आपापल्या लेकराला जवळ ओढून उभ्या राहिल्या. त्या चिमुरडीच्या आईने तिला चूळ भरायला लावली, एकदा नाही, चारदा.

मग कुणी न सांगता कामं सुरू झाली. वाण्याने बेसनाची पोती काढली. कुंभाराने मडकी आणली. त्यातली गळकी कुठली, ते त्याला आज स्पष्ट सांगण्यात आलं. साऱ्या गावच्या बायका भाकऱ्या थापायला बसल्या. सात गावांना जत्रेचं पक्वान्न म्हणून पिठलं-भाकरी मिळाली. पहिली पंगत अर्थात लेकरांची झाली.

मोठ्यांची पंगत उठायची वेळ आली. मावशी मांडवाच्या दाराशी येऊन उभी राहिली.  इतक्या दिवसांनी शब्द काढायचा म्हणजे जिभा गंजल्या होत्या.

"खमंग," मास्तर चाचरत म्हणाले.

"लसूण जरा करपट," गुरव म्हणाला आणि आपल्याच धाडसाने घाबरला.

"झणझणीत." "दाट." "भाकरी कोरडी ठक्क!" "माझी तर कच्चट!" "मिरची नुसती जाळ!" शब्द येऊ लागले तसे वाढतच गेले. मावशी प्रत्येकाला "बरं" म्हणत होती, आणि दर 'बरं'ला तिचा चेहरा उजळत होता.

होता होता पाळी पाहुण्यांपर्यंत आली. मुलाच्या आईने शेवटचा घास नीट चावून गिळला. 

"आळणी," मुलाची आई म्हणाली.

पाहुण्या बाईने असं बोलावं! 

"किती आळणी?" मावशीने विचारलं.

"मडक्याला चिमूटभर. फार नाही. पण आहे."

"आत्ता आणते," म्हणून मावशी मिठाला धावली, ती जवळजवळ पळतच.

मुलाची आई गाडीवानाकडे वळली. "तुमच्याबद्दल ऐकून आले होते," ती म्हणाली. "म्हटलं होतं, व्याह्यांच्या तोंडाला फडकं बांधलेलं असेल तरच सोयरीक करावी. आता फडक्याचं राहू द्या."

गाडीवानाला काय बोलावं ते कळेना. आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं होतं, असं त्याची बायको पुढे कित्येक वर्षं सांगे.

जत्रा झाली. कल्हईवाला आला आणि गावची झाडून सारी भांडी चकचकीत करून गेला. मावशीची खानावळ पुन्हा भरली. तिला चव नाही हे आता सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यामुळे एकही माणूस कमी झाला नाही, उलट जो तो जरा जास्तच जपून जेवू लागला. आपण चुकलो तर मावशी चुकणार, ही जाणीव प्रत्येक घासाला होती.

मास्तरांनी एके दिवशी, पोट भरलेलं असताना, कोश पुन्हा उघडला आणि ते राहिलेलं पान उलटलं. तिथे त्याच शब्दाचे आणखी दोन अर्थ दिले होते: 'नेमका' आणि 'बारकाईने पारखलेला'.  मग त्यांनी कोश मिटला आणि ही गोष्ट कुणाला सांगितली नाही.

'नाइस' शब्दाला गावाने हाकललं मात्र नाही. पाटलांनी नवा निवाडा दिला, की तो दिवसातून एकदा एकाच माणसाला म्हणता येईल. पण तो म्हटला, की मावशी खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारी, "म्हणजे कसं?" आणि मग त्या माणसाला सांगेपर्यंत हात धुता येत नसत. म्हणून सहसा कुणी त्या वाटेला जात नसे.

तात्पर्य: मन राखणारा शब्द कुणीही देतो; ज्याला खरी माया असते, तो मीठ कमी आहे म्हणून सांगतो.